केंद्र आधी, इमारत मागून: आपत्तीनंतर महिला व कुटुंब केंद्र पुन्हा उभं करताना

पूर ओसरतो किंवा जमीन हलायची थांबते, आणि दोन-चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की केंद्राकडे अजून कुणी फिरकलंच नाही. जाऊन पाहावं तर छप्पर अर्धं गेलेलं, कपाटं उपडी, शिलाई मशिनी गाळात रुतलेल्या. जिने तिथे दहा वर्षं काम केलं तिला त्या दारात उभंही राहवत नाही. मग बैठक बसते आणि हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आधी इमारत उभी करू, मग केंद्र सुरू करू.’

माझी हरकत आहे ती याच क्रमाला. इमारत व्हायला सहज वर्ष-दीड वर्ष जातं आणि केंद्राची गरज सगळ्यात जास्त असते ती नेमकी त्याच काळात. निवाऱ्यात बाळाला पाजायला आडोसा नसतो. मदतीच्या यादीत एकट्या बाईचं नाव गळतं. घराघरातला ताण मारहाणीवर येतो, आणि मुलींची शाळा गुपचूप सुटते. त्या महिन्यांत केंद्र बंद राहिलं तर नंतर कितीही चांगली वास्तू बांधली तरी बायकांची तिथे यायची सवय मोडलेली असते. शिवाय त्यांच्याशिवाय ठरलेली इमारत त्यांच्या कामाची निघत नाही.

तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ रोजी मार्मारा भागात मोठा भूकंप झाला. तिथली केईडीव्ही ही महिलांसाठीची संस्था १९८६ पासून काम करत होती. तिने तात्पुरत्या वसाहतींमध्येच महिला व बाल केंद्रं उघडली. मुलं सांभाळायची सोय झाल्यामुळे आयांना बसायला वेळ मिळाला, आणि त्या बसल्यावर घरबांधणीचे प्रश्न त्यांनीच हातात घेतले. हाच क्रम धरून पुढचं सगळं सांगते आहे.

आत पाऊल टाकण्याआधी

घाई होते ती इथेच. ओळखीची जागा असल्यामुळे माणसं सरळ आत शिरतात. पहिली फेरी बाहेरूनच मारा, दिवसाउजेडी, दोघींनी मिळून. भिंत एका बाजूला कलली आहे का, छप्पर मध्येच बसलंय का, पायाशेजारची माती वाहून गेली आहे का, विजेची तार लोंबते आहे का, गॅसचा वास येतो का, हे पाहा. यातलं एकही दिसलं तर माघारी फिरा. मुख्य विजेचा खटका ओल्या जमिनीवर उभं राहून स्वतः पाडायला जाऊ नका. वीजजोडणी बाहेरून तोडून घ्या आणि वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका.

भूकंपानंतर नंतरचे धक्के येत राहतात, म्हणून आज उभी असलेली भिंत उद्या उभी राहीलच असं धरू नये. बऱ्याच देशांत तपासणी करणारे अभियंते इमारतीवर हिरवी, पिवळी किंवा लाल चिठ्ठी लावतात: वापरता येईल, मर्यादित वापर, आत जाऊ नये. तुमच्याकडे अशी पद्धत नसली तरी अभियंत्याकडून एवढं एका कागदावर तारखेसह लिहून घ्या. तोंडी ‘ठीक आहे’वर बायका-मुलांना आत बसवू नका.

साफसफाई सुरू करण्याआधी फोटो. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, पाणी कुठवर चढलं त्याची भिंतीवरची रेघ, मोडलेल्या प्रत्येक वस्तूचा जवळून एक. विमा असो की सरकारी मदत, पंचनाम्याच्या आधी गाळ उपसला की नुकसान सिद्ध करणं अवघड होतं. पाण्याच्या रेघेची उंची मोजून लिहून ठेवा. नवं जोतं किती उचलायचं हे ठरवताना ती लागणार आहे.

गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे हवेतच. जुन्या सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडे फोडू नका, ओले करून अख्खे उतरवा, आणि ते काम माहीतगार माणसाला द्या. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. भिजलेल्या गाद्या, गालिचे, लाकडी भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर वाचवायच्या मागे लागू नका. ओल एक-दोन दिवस राहिली की बुरशी धरते, आणि त्याच खोलीत पुढे लहान मुलं रांगणार असतात. जनरेटर आणला तर तो उघड्यावर, खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर लांब. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वासाला येतो.

भिजलेल्या वह्या

यावर मी जरा थांबणार आहे, कारण गडबडीत या वह्याच पहिल्यांदा कचऱ्यात जातात. केंद्राच्या कपाटात काय काय असतं! बचतीचे हिशेब, कुणी किती उचललं, कुणाचे किती परत यायचे, मुलांच्या लसींची नोंद, कधीकाळी एखादीने दिलेल्या तक्रारीची प्रत. कित्येक बायकांचे स्वतःचे कागदही केंद्रातच ठेवलेले असतात, कारण घरी ते सुरक्षित नसतात.

भिजलेली वही उघडायची घाई करू नका. बंद असतानाच स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून वरचा चिखल सोडवा. मग ती उभी करा, पानं पंख्यासारखी थोडी विलग करा, आणि दर वीसेक पानांमागे एक कोरा शोषक कागद घाला. तासा-दोन तासांनी तो बदला. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात ठेवली तर शाई उडते आणि पानं वाकतात. इस्त्री फिरवू नका. वह्या खूप असतील आणि दोन दिवसांत हाताळून होणार नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्या की बुरशी थांबते आणि सवडीने एकेक काढता येते. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, स्वच्छ पाण्यात भिजत ठेवले तर बहुतेक वेळा आपोआप सुटतात.

हे काम बायकांच्या हातीच द्या. चार जणी ओळीने बसून पानं सोडवतात, आणि सोडवता सोडवता ‘हिचं काय झालं, ती कुठे आहे’ हे निघतं. आपत्तीनंतर कोण कुठे आहे याची पहिली खरी यादी अशाच बसण्यातून तयार होते. एक काळजी घ्या: तक्रारींचे, समुपदेशनाचे कागद या ओळीत ठेवू नका. ते वेगळे काढून फक्त जबाबदार कार्यकर्तीने हाताळावेत.

झाडाखालचं केंद्र

आता केंद्र सुरू करा. ताडपत्री, दोन चटया आणि ठरलेली वेळ एवढ्यावर ते सुरू होतं. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तीच दोन ओळखीची माणसं हजर पाहिजेत. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या बाईला कार्यक्रम नको असतो. ‘दुपारी तिथे कुणीतरी बसलेलं असतं’ एवढं माहीत असलं की पुरे.

जागा निवडताना रस्ता पाहा. निवाऱ्यापासून तिथवर येताना अंधाराची गल्ली, पुरुषांच्या घोळक्याचा कट्टा किंवा वाहत्या पाण्याची वाट लागते का? मदतवाटपाच्या रांगेला लागून केंद्र थाटू नका, गर्दीत कुणाला बोलता येत नाही. पण फार आडबाजूलाही नको. पाणी भरायच्या किंवा दवाखान्याच्या वाटेवरची जागा उत्तम, कारण तिकडे जायला बाईला घरी कारण सांगावं लागत नाही.

ताडपत्रीच्या एका कोपऱ्याला पडदा लावा, तो पाजण्यासाठी. आपत्तीनंतर डबाबंद दूध पावडरीच्या देणग्यांचा ढीग येतो. तो सरसकट वाटू नका. पाणी स्वच्छ नसताना बाटलीच्या दुधाने बाळं जुलाबाने आजारी पडतात, आणि अंगावरचं दूधही कमी होतं. ज्या बाळाला खरोखर आईचं दूध मिळूच शकत नाही त्याच्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने सोय करा.

मुलांच्या कोपऱ्यात कायम दोन मोठी माणसं, एकटं कधीच कुणी नाही. मूल कुणी आणून सोडलं आणि कुणी नेलं याची वही पहिल्या दिवसापासून. आई-वडिलांपासून ताटातूट झालेलं मूल सापडलं तर त्याला ‘चांगल्या घरी’ देऊन टाकायचा मोह कितीही कळकळीचा असला तरी आवरा. अधिकृत बालसंरक्षण यंत्रणेला लगेच कळवा. मुलाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

पिण्याचं पाणी क्लोरीनने शुद्ध करून अर्धा तास थांबा. त्यानंतर पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असायला हवा. तपासायचे साधे संच मिळतात आणि दोन दिवसांत कुणीही ते शिकतं.

बोलायला आलेल्या बाईशी कसं बोलायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन कृतींत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. काय घडलं ते खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. तिला आज रात्री काय हवंय ते विचारा, आणि जिथे ते मिळेल तिथे सोबत जा. लैंगिक अत्याचार झालेला असेल तर वेळेला फार महत्त्व आहे: एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भधारणा टाळण्याची गोळी १२० तासांपर्यंत चालते आणि जितकी लवकर तितकी बरी. ही सेवा कुठे मिळते, तिथे रात्री कोण असतं, तिथवर वाहन कोणाचं, याचं उत्तर पहिल्या आठवड्यातच शोधून ठेवा. पण जायचं की नाही, तक्रार द्यायची की नाही, हा निर्णय तिचा. आणि ती अल्पवयीन असेल तर कायद्याने काय कळवावं लागतं हे कार्यकर्त्यांना आधीच माहीत असू द्या, म्हणजे तिला खोटा शब्द दिला जाणार नाही.

विचारायचं कुणाला आणि कसं

केंद्र सुरू झालं, महिना-दीड महिना गेला, आता बांधकामाचा विषय काढा. मोठी सभा बोलावून ‘तुम्हाला काय हवं?’ विचारलं की पहिल्या रांगेतल्या तिघी बोलतात आणि बाकीच्या माना डोलावतात. त्यापेक्षा चार-पाच जणींच्या छोट्या बैठका घ्या, वेगवेगळ्या: किशोरवयीन मुली, अलीकडेच बाळंत झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, वयस्कर, अपंग असलेल्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या. ज्या वस्तीतल्या बायका जुन्या केंद्रात कधी आल्याच नाहीत त्यांच्याकडे तुम्हीच जा. ‘का आला नाहीत’ याचं उत्तर ऐकायला कठीण जाईल, पण नव्या केंद्राला खरा उपयोग त्याचाच.

प्रश्नही बदला. ‘काय हवं’पेक्षा ‘पाणी चढलं त्या रात्री तुम्ही कुठे गेलात, बरोबर काय नेलं, काय राहिलं?’ असं विचारा. ‘जुन्या केंद्रात कुठे बसायला आवडायचं आणि कुठे जायचं टाळत होता?’ असं विचारा. उत्तरं जशी येतील तशी, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

किल्लारीच्या, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांची संवाद सहायक म्हणून नेमणूक झाली होती. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांनी ते काम उभं केलं. त्या बायका घरमालक आणि अभियंते यांच्यामध्ये दुवा झाल्या, भूकंपरोधक बांधकाम समजावून सांगू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्याच काही जणी तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. बांधकामातलं बाईला काय कळतं असं कुणी बैठकीत म्हणालं तर हे जरूर सांगा.

बांधकाम समितीत निम्म्याहून जास्त बायका हव्यात, हे सगळेच मान्य करतात. त्यापुढचं विचारा: खात्यावर सही कुणाची? ठेकेदाराचं बिल कुणी मंजूर करायचं? काम थांबवायचा अधिकार कुणाला? यातलं एकही बाईच्या हातात नसेल तर ती समिती नावापुरती. बैठकीची वेळही बायकांच्या कामांचा अंदाज घेऊन ठरवा, आणि बैठकीत मुलं सांभाळायला माणूस नेमा.

पुरुषांना दूर ठेवू नका, पण त्यांच्याशी वेगळं बोला. ‘तिथे काय चालतं’ हे कळलं नाही की संशय वाढतो आणि त्याचा त्रास केंद्रात येणाऱ्या बाईलाच होतो. कुटुंबांसाठीच्या खुल्या वेळा कोणत्या, फक्त बायकांच्या कोणत्या, हे बाहेरच्या फळ्यावर स्पष्ट लिहा.

जागेचा कागद

थोडक्यात पण ठाम सांगते: जमीन कुणाच्या नावावर आहे हे लेखी कळल्याशिवाय वीटही आणू नका. आपत्तीनंतर जागामालक मोठ्या मनाने ‘घ्या, बांधा’ म्हणतो, आणि वारसांचं मन बदलतं ते इमारत झाल्यावर. मालकी किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार, त्यात इमारत कुणाची आणि करार मोडल्यास काय, हे लिहिलेलं. जागा पूररेषेत, दरडीच्या पायथ्याशी किंवा भराव टाकलेल्या ओढ्यात नाही ना, हे वयस्कर माणसांना विचारा. नकाशात नसलेला जुना प्रवाह त्यांना आठवत असतो.

दुरुस्ती की नवीन

हा निर्णय अभियंत्याचा, पण त्याला नेमके प्रश्न विचारता यायला हवेत. गिलाव्यावरची केसासारखी भेग आणि भिंतीतून आरपार गेलेली भेग यांत फरक आहे; गिलावा खरवडून पाहिल्याशिवाय तो कळत नाही. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या, फुलीसारख्या भेगा भूकंपाच्या धक्क्याने पडतात आणि त्या गंभीर असतात. कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथलं काँक्रीट फुटलंय का, सळई उघडी पडून वाकलीय का, हे पाहायला लावा. भेग वाढते आहे का, हे कळायला तिच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग चालू आहे.

दगडी भिंत असेल तर ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, भिंतीला पोट सुटलं असलं, तर आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटलेले असतात. किल्लारी परिसरात हेच झालं होतं: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडावर जड मातीचं छत. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा माणसं त्या छताखाली झोपलेली होती, आणि सुमारे दहा हजार गेली. भिंतीची जाडी म्हणजे भिंतीची ताकद असं नाही. ताकद येते ती आरपार जाणाऱ्या बांधणीच्या दगडांनी आणि भिंतींना चहूबाजूंनी पट्ट्यासारखं आवळणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांनी.

फक्कीने आखा, आत चालून पाहा

नकाशा तयार झाला की मंजुरीआधी एक दिवस काढा. मोकळ्या जमिनीवर फक्कीने तो नकाशा खऱ्या मापाने आखा: भिंती, दारं, ओटा, संडास. मग बायकांना त्यात चालायला सांगा. एक जण कडेवर मूल घेऊन दारातून आत येते. दुसरी खाट टाकून पाहते. चाकाच्या खुर्चीवरची तिसरी संडासापर्यंत जाते आणि वळता येत नाही म्हणून तिथेच अडकते. चौथी समुपदेशनाच्या चौकोनात बसते आणि म्हणते, ‘इथून मला दार दिसत नाही, मी इथे बसणार नाही.’ फक्की पायाने पुसायची आणि दार सरकवायचं. पुढे वीट-सिमेंटात हाच बदल किती महाग पडला असता, ते सांगायची गरजच उरत नाही.

काही मापं सांगून ठेवते. उताराचा चढ १:१२ पेक्षा जास्त तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. दार उघडल्यावर मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ. संडासाबाबत मदतकार्यातल्या स्फिअर मानकांत २० माणसांमागे एक, आणि सार्वजनिक ठिकाणी बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट असं प्रमाण आहे. संडासाला आतून कडी, आत-बाहेर दिवा, पाळीचे कपडे धुवायला आणि बंद डब्यात पॅड टाकायला सोय, पिशवी अडकवायला खुंटी. खुंटीवर बायका हमखास अडून बसतात आणि अभियंते हमखास ती विसरतात.

समुपदेशनाच्या खोलीवर ‘समुपदेशन’ अशी पाटी लावू नका. तिचं दार बाहेरच्या बाकावरून दिसायला नको, आणि भिंत छतापर्यंत हवी. अर्ध्या उंचीच्या पार्टिशनवरून शब्दन् शब्द पलीकडे जातो. मुलांची खोली आईच्या नजरेत असावी. साठवणीची खोली तुम्ही धरली त्याच्या दुप्पट ठेवा, कारण पुढच्या आपत्तीत ताडपत्र्या, औषधं, पाणी शुद्ध करायचं सामान तिथेच राहणार आहे.

इमारतीचं रूप धोक्यावरून ठरू द्या. २०१० च्या महापुरानंतर पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात वास्तुविशारद यास्मीन लारी यांनी महिला केंद्र बांबूच्या खांबांवरच उचललं, म्हणजे पाणी खालून जाईल आणि वरचा मजला माणसं-सामानासाठी कोरडा राहील. बांगलादेशात कॉक्स बझारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांतल्या सहा सामुदायिक जागांना २०२२ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. बांबूसारखं हलकं साहित्य आणि राहणाऱ्यांचा हात ही त्यांची ओळख. चक्रीवादळाच्या पट्ट्यात चारही बाजूंनी उतरतं छप्पर दोनपाखी छपरापेक्षा वाऱ्याला चांगलं तोंड देतं, आणि वळचण फार बाहेर काढायची नसते, कारण वारा तिथेच हात घालतो.

गवंड्याच्या शेजारी

दोघी-तिघींनी काम पाहायला शिकावं, आळीपाळीने रोज. अभियंत्याकडून पुढच्या एवढ्याच गोष्टी शिकून घेतल्या तरी पुरे. पुरात भिजलेलं, गुठळ्या झालेलं सिमेंट परत करायचं. समुद्राची वाळू किंवा खारं पाणी काँक्रीटमध्ये चालणार नाही; सळई आतून गंजते. काँक्रीट कालवताना ‘सरसर पडावं’ म्हणून वाढवलेलं पाणी ताकद खातं. कॉलमच्या उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात वळवलेली नकोत, १३५ अंशांत आत वळलेली हवीत. भूकंपात काटकोनी टोकं उघडतात आणि सळई बाहेर फुगते. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर लिंटलच्या पातळीला आणि छताखाली काँक्रीटच्या सलग पट्ट्या. कोपऱ्यांत उभ्या सळ्या. पट्टी मध्ये कुठेही तुटता कामा नये.

काँक्रीट ओतल्यावर निदान सात दिवस, मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस, ते सतत ओलं ठेवायचं. पाणी मारायचं हे काम सगळ्यात स्वस्त, आणि टाळाटाळ होते ती यातच. पाणी मारणारीची सही रोज वहीत घ्या. आणि झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकण्याआधी फोटो: पाया, सळ्या, नळ, वायरिंग. गिलावा झाल्यावर तिथे काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

शक्य तिथे वस्तीतल्या बायकांना रोजावर घ्या, गवंडीकाम शिकवा, मजुरी पुरुषांइतकीच द्या. पण ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांच्याकडून ‘आपलंच केंद्र’ म्हणून फुकट श्रमदान मागू नये, असं माझं मत आहे. त्यांना त्या दिवसाच्या मजुरीची गरज कुणाहीपेक्षा जास्त असते.

पैसा

आपत्तीनंतर पैसा एकदम येतो आणि सहा महिन्यांत आटतो. देणगीदारांना भिंतीवर नाव दिसेल अशी वस्तू द्यायला आवडतं. कार्यकर्तीचा पगार, वीजबिल, झाडू यांसाठी कुणी देत नाही. म्हणून मागतानाच सांगा की बांधकामाबरोबर निदान दोन वर्षांचा चालू खर्च हवा. अंदाजपत्रकात एकूण खर्चाच्या दहा ते पंधरा टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा, कारण सगळीकडे एकदमच बांधकामं निघाली की साहित्य आणि मजुरी महागते. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्याचा हिशेब वेगळा, खात्यावर दोन सह्या, आणि दर महिन्याचा जमाखर्च मोठ्या अक्षरात बाहेरच्या फळ्यावर. वाचता न येणाऱ्यांसाठी तो मोठ्याने वाचून दाखवा. जुने कपडे आणि मोडकी खेळणी ‘नको’ म्हणायला शिका. ती वेगळी करण्यात माणसांचे आठवडे जातात.

दार उघडल्यावर

नव्या इमारतीत जाताना झाडाखालच्या केंद्राची वेळ आणि माणसं तीच ठेवा. उद्घाटनाला पाहुणे येतील, कॅमेरे येतील. त्या दिवशी अत्याचारातून आलेल्या बायकांना मंचावर बसवू नका, त्यांची कहाणी सांगायला लावू नका, आणि फोटो काढायचा तर प्रत्येकीला आधी विचारा.

समुपदेशनाच्या नोंदींत नावाऐवजी क्रमांक लिहा. नाव आणि क्रमांक जुळवणारी वही वेगळ्या कुलपात. भिंतीवर मोठ्या चित्रांसह एक फलक हवा: इथे मिळणारी प्रत्येक मदत मोफत आहे, तिच्या बदल्यात कुणी काही मागितलं तर इथे सांगा. तक्रार ऐकणारी व्यक्ती केंद्राबाहेरचीही असू द्या, कारण कधी कधी तक्रार केंद्रातल्याच माणसाविरुद्ध असते.

पहिल्याच महिन्यात एकदा रंगीत तालीम घ्या. घंटा वाजवा आणि पाहा, मुलांच्या खोलीतून सगळी बाहेर यायला किती वेळ लागतो, अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोण उचलतं, नोंदींची पेटी कोण घेतं. कागदांच्या प्रती दुसऱ्या गावी, दुसऱ्या उंचीवर ठेवा. दर हंगामाआधी छपराचे नट, पन्हळी, गटारं आणि दारांच्या बिजागऱ्या तपासा, तारीख घालून.

आणि किल्ल्या. कित्येक ठिकाणी केंद्राची एकमेव किल्ली असते ती कार्यालयात किंवा एखाद्या पदाधिकाऱ्याच्या खिशात, आणि रात्री दीड वाजता मुलाला घेऊन आलेली बाई कुलूप पाहून परत जाते. तीन किल्ल्या करा, तीन बायकांकडे द्या, त्यातली एक केंद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारी असू द्या. तिघींचे फोन नंबर दारावर रात्री वाचता येतील असे लिहा, आणि दारावरचा दिवा रात्रभर चालू ठेवा.